घरचं किरकोळ

चौदा पायऱ्या चढून झाल्यावर मिलिमीटरनं पुढचं पाऊल सपाट जमिनीवर टाकायला म्हणून उचललं, आणि तिथे जमीन नव्हती, आणखी एक पायरी होती. बुटाचं टोक तिच्यावर आपटलं, माणूस पुढे कोलमडला आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई, दोन शिक्षक आणि जिना बांधणारा गवंडी या सगळ्यांच्या देखत त्याला भिंतीला हात टेकून स्वतःला सावरावं लागलं. कोणी हसलं नाही. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, नवी जागा आहे, होतं असं. जिना त्यानंच काढलेला होता हे त्या चांगुलपणानं विसरून गेल्या.

मिलिमीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो चौतीस वर्षं ज्या ऑफिसात होता तिथे फक्त जिन्यांचे नकाशे काढत. घरांचे, शाळांचे, दवाखान्यांचे जिने, दुसरं काही नाही. अर्ध्या मिलिमीटरवरून तो इतक्या जणांशी भांडला होता की नाव चिकटलं ते चिकटलं. माणसं तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे मिलिमीटर. त्याला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं.

त्या ऑफिसची एक रीत होती. जिना बांधून झाला की त्यावरून सगळ्यांत आधी नकाशा काढणाऱ्यानं चढायचं, आणि तेही कठड्याला हात न लावता. तिला पहिली चढण म्हणत. आपण काढलेल्या पायरीवर आपलाच विश्वास नसेल तर लोकांनी का ठेवावा, असं ऑफिस सुरू करणाऱ्या थोरल्या साहेबांचं म्हणणं. थोरले साहेब गेले, त्यांची मुलगी त्यांच्या खुर्चीत बसली, तिला सगळे बाई म्हणू लागले, पण रीत तशीच राहिली. मिलिमीटरनं चारशेच्या वर पहिल्या चढणी केल्या होत्या आणि अडखळला होता तो आजच.

त्यातही गंमत अशी की गेलं वर्षभर तो पायऱ्या बघून चढतच नव्हता, मोजून चढत होता. नकाशा डोक्यात पक्का असायचा, त्यामुळे डोळ्यांवाचून अडत नव्हतं. आणि अडलं असतं तरी इलाज नव्हता, कारण डोळे जात चालले होते. डोळ्यांतल्या पडद्याच्या बरोबर मध्यभागी डाग पडला होता. कडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. डॉक्टरांनी त्याला एक चौकटींचा कागद दिला होता आणि दर आठवड्याला एकेक डोळा झाकून त्याकडे बघायला सांगितलं होतं. कागदावरच्या सरळ रेघा मध्येच वाकलेल्या दिसायच्या. आयुष्यभर ज्यानं सरळ रेघेचं खाल्लं त्याच्या नशिबी हे यावं, याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

ही गोष्ट त्यानं कोणाला म्हणजे कोणाला सांगितली नव्हती. बायकोला चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच माहीत होतं. दवाखान्याचे रिपोर्ट ऑफिसच्या पत्त्यावर ईमेलनं यायचे, कारण घरी त्याचा फोन बायकोच जास्त हाताळायची. ते रिपोर्ट आणि चौकटींच्या कागदाच्या आठवड्याच्या नोंदी त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या आणि फोल्डरला नाव दिलं होतं ‘घरचं किरकोळ’. असल्या नावाच्या फोल्डरमध्ये कोण कशाला डोकावेल, असा त्याचा हिशेब. हे बाहेर फुटलं तर टेबल गेलं, हे त्याला लख्ख दिसत होतं. डोळे अधू झालेल्या माणसाला जिने काढायला कोण देईल? आणि जिने काढायचे नाहीत तर सकाळी उठून करायचं काय?

शाळेतून खाली उतरल्यावर त्यानं गवंड्याकडून नकाशा मागून घेतला आणि भिंगातून पाहिला. पायऱ्या पंधरा. कोपऱ्यात ‘काढणार’ या चौकटीत त्याची सही, ‘तपासणार’ या चौकटीत ऑफिसच्या तपासनिसाची. पण त्यानं चौदा काढल्या होत्या. एकेक अठरा सेंटिमीटरची, चौदा. आता त्याला आठवलं, चढताना पहिल्या पायरीपासूनच पाय जरा कुरकुरत होते, पायरी किंचित बुटकी लागत होती. त्यानं तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

ऑफिसात परत येऊन त्यानं ती फाइल उघडली. तो नकाशा पूर्ण करून घरी गेला होता साडेपाचला, आणि फाइल शेवटची बदलली गेली होती त्याच संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी, त्याच्याच कॉम्प्युटरवरून. म्हणजे त्याच्या खुर्चीत बसून कोणीतरी त्याचा नकाशा बदलला होता. पायरीचं जाऊ दे, पण जो इथे बसला त्याला ‘घरचं किरकोळ’ किती लांब होतं? दोन बोटं.

त्या ऑफिसात कोणाच्या खुर्चीत बसणं अगदी सोपं होतं, कारण कुलूप फक्त मुख्य दाराला होतं. खणांना किल्ल्या नव्हत्या आणि सगळ्या कॉम्प्युटरांना एकच पासवर्ड होता, तोही थोरल्या साहेबांनी ठरवलेला. एकमेकांपासून लपवण्यासारखं इथे काय आहे, असं ते म्हणायचे. मिलिमीटरनं तीस वर्षं या वाक्यावर मान डोलावली होती. आता मात्र त्याला थोरल्या साहेबांचा राग आला.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो थांबेना. कोणी केलं असेल? मागच्या टेबलांवर बसणाऱ्या दोघांनी वर्षभरापूर्वी आपापली टेबलं भिंतीकडे तोंड करून फिरवून घेतली होती. विचारलं तर म्हणाले, उजेड डोळ्यांवर येतो. उजेड! त्या खिडकीतून सूर्य कधी आला नव्हता. मग उरली तपासनीस. तिला त्यानंच शिकवलं होतं, पेन्सिल धरण्यापासून. पंधरा वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला कठडा आणि कुंपण यातला फरक कळत नव्हता. आता हल्ली ती त्याचे नकाशे मागून घ्यायची घाई करायची, परत देताना नजरेला नजर द्यायची नाही. मिलिमीटरनं मनातल्या मनात खटला चालवला आणि निकालही देऊन टाकला. तिला त्याचं टेबल हवं होतं. रिपोर्ट वाचले असतील, बाईंच्या कानावर घालायला संधी बघत असेल.

कुलूप लावायचं ठरलं. पण कुठलं? फाइली राखणारी सॉफ्टवेअरं ढिगानं होती आणि प्रत्येक आपणच सगळ्यांत पक्कं म्हणून सांगत होतं. जेवणाच्या सुट्टीत इतर सगळे बाहेर गेले की मिलिमीटर पडद्याला नाक लावून त्यांची माहिती वाचत बसायचा. अक्षरं त्यानं वर्षभरापूर्वीच वाढवून घेतली होती, इतकी की एका ओळीत चार शब्द मावायचे आणि एक परिच्छेद संपवायला पडदा दहा वेळा सरकवावा लागायचा. वरची ओळ वाचून खालच्या ओळीवर यावं तर वरची विसरलेली. एक सॉफ्टवेअर फोल्डर गायबच करायचं, पण ते स्वतः मात्र पडद्याच्या कोपऱ्यात मोठं निळं कुलूप होऊन बसायचं. म्हणजे चोराला पत्ता देण्यासारखंच. दुसरं फुकट होतं आणि दर तासाला आपली जाहिरात करायचं. तिसरं चांगलं वाटत होतं, फाइलींचा असा काही गुंता करून ठेवायचं की पासवर्डशिवाय देवालाही उलगडू नये. पण पासवर्ड विसरलात तर आम्हीही काही करू शकत नाही, असं त्यात तळाशी लिहिलं होतं. त्या एका ओळीवर त्याचे दोन दिवस गेले. विसरलो तर? रिपोर्ट गेले तर नव्या डॉक्टरला काय दाखवायचं? आणि नाही लावलं तर?

गुरुवारी कॉम्प्युटरवाला आला, दर गुरुवारी यायचा. मिलिमीटरनं त्याला जिन्याखालच्या कोपऱ्यात गाठलं आणि एका मित्रासाठी विचारतोय अशी सुरुवात केली. कॉम्प्युटरवाल्यानं मित्राचं सगळं ऐकून घेतलं.

“चोर बाहेरचा आहे की घरातला?” त्यानं विचारलं.

मिलिमीटर म्हणाला, घरातला.

“मग ते तिसरं घ्या. पण एक लक्षात ठेवायला सांगा तुमच्या मित्राला. कुलूप फाइल बंद असेपर्यंत. स्वतःच उघडून समोर मांडून बसला तर कुलूप काय करणार?”

मिलिमीटरला हे बोलणं पोरकट वाटलं. उघडल्यावर समोर आपणच असतो की, आणि आपल्या डोक्याआड सगळा पडदा झाकलेला. एवढंही कळत नाही या मुलांना.

शुक्रवारी दुपारी चार वाजता, सगळे आपापल्या कामात मान घालून बसलेले असताना, त्यानं ते तिसरं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घेतलं. थांबायला धीर नव्हता. आधी त्यानं ‘घरचं किरकोळ’ उघडून आत सगळं आहे ना ते बघितलं. रिपोर्ट होते. नोंदी होत्या. शेवटची नोंद मंगळवारची होती : उजवा डोळा, मधल्या सात रेघा वाकड्या, मागच्या वेळी पाच. त्यानं फोल्डर सॉफ्टवेअरच्या स्वाधीन केलं. सॉफ्टवेअरनं पासवर्ड मागितला. तो मिलिमीटरनं दोन रात्री विचार करून ठरवला होता, कोणाच्या बापाला सुचणार नाही असा : भिंगरी. लग्न झाल्या झाल्या तो बायकोला या नावानं हाक मारायचा, चार भिंतींच्या आत, आणि अजूनही कधीमधी मारायचा.

टाइप केलं तर पडद्यावर नुसते ठिपके. बरोबर टाइप झालं की नाही कळेना. एक अक्षर चुकलं तर जन्माचं गेलं. शेजारी एका डोळ्याचं बारीक चित्र होतं, त्यावर क्लिक केलं की पासवर्ड दिसतो. त्यानं क्लिक केलं आणि नाक पडद्याला लावून एकेक अक्षर तपासू लागला.

“काका,” मागून तपासनीस हळूच म्हणाली, “पासवर्ड दिसतोय.”

तिचं टेबल त्याच्या टेबलापासून आठ-नऊ फुटांवर, जरा तिरकं होतं. मिलिमीटर वळला.

“कोणाला दिसतोय?”

“मला. इथून.”

“काहीतरी बोलू नकोस. काय दिसतंय, सांग बघू.”

तिनं एकदा मागच्या दोघांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि दोघांच्याही माना ताठ झाल्या होत्या.

“भिंगरी,” ती म्हणाली.

मिलिमीटर पुन्हा पडद्याकडे वळला. मग उठला, चालत तिच्या टेबलापाशी गेला आणि तिथून आपल्या पडद्याकडे पाहिलं. त्याला नीटसं काही दिसलं नाही, पण नजर जरा बाजूला केली तेव्हा पडद्यावर काळे ठोकळे दिसले, दुकानाच्या पाटीवर असतात तेवढे. चौतीस वर्षं अंतरं मोजणाऱ्या माणसानं आपल्या अक्षरांचं अंतर मोजलं नव्हतं. नाक लावून वाचायचा, म्हणून सगळं जग नाक लावून वाचतं असं धरून चालला होता.

त्यानं विचारलं, कधीपासून?

तिनं सांगितलं, अक्षरं मोठी केलीत त्याच आठवड्यापासून. पहिला रिपोर्ट उघडलात तेव्हा सगळ्यांनीच वाचला, वाचायचा नव्हता तरी वाचला गेला. दुसऱ्या दिवशी मागच्या दोघांनी टेबलं फिरवली, म्हणजे दिसूच नये. तिला फिरवता आलं नाही, तिला नकाशे बघावे लागायचे.

“आणि पंधरावी पायरी?”

“उंची दोनशे बासष्ट होती, काका. तुम्ही बावन्न वाचलंत. चौदानं बांधला असता तर शेवटची पायरी अठ्ठावीस सेंटिमीटरची झाली असती.”

अठ्ठावीस. दीडपटीहून जास्त, आणि तीही शाळेच्या वाचनालयाच्या जिन्यावर, जिथे सगळी पोरं पुस्तकं छातीशी धरून चढणार. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. मग त्याला राग आला, तिचा नव्हे, पण काढला तिच्यावरच. माझ्या सहीखाली तुझा जिना, असं तो म्हणाला, मला विचारावंसंही वाटलं नाही. ती म्हणाली, विचारलं असतं तर कळलंय हे कबूल करावं लागलं असतं. असे किती, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, नऊ महिन्यांत अकरा. बाकीच्यांत बारीक चुका होत्या, हा एकच असा होता. त्या दिवशी पहिल्या चढणीला तो मोजत जाणार हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं आणि त्याबद्दल तिला वाईट वाटत होतं. एवढं बोलून ती रडायला लागली, आणि ज्यानं तिला पेन्सिल धरायला शिकवलं तो माणूस तिच्यासमोर तोंड चुकवून बसून राहिला.

बाईंना माहीत नव्हतं. त्यांची खोली वेगळी होती. मिलिमीटर पाच वाजता आपणहून आत गेला आणि सगळं सांगितलं, अकराही सांगितले. बाई शेवटी म्हणाल्या की सोमवारपासून त्यानं जिना काढायचा नाही. मग काय करायचं ते त्यांनाही लगेच सुचत नव्हतं, विचार करते म्हणाल्या. त्यानं हुज्जत घातली नाही.

घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं. चष्म्याचं खोटं होतं, इथपासून. ती भाजी चिरत होती, सुरी बाजूला ठेवली.

“कॉम्प्युटरला सांगितलंत,” ती म्हणाली. “मला नाही.”

थोड्या वेळानं तिनं चौकटींचा कागद मागितला, स्वतःचा एक डोळा झाकला आणि त्याकडे बघत बसली. तिला सगळ्या रेघा सरळ दिसत होत्या. कुठून वाकतात ते दाखवा म्हणाली, आणि त्यानं बोट फिरवून दाखवलं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. मिलिमीटरनं नकाशाची नवी प्रत काढली. दोन्ही चौकटींतल्या सह्या काढून टाकल्या, तपासनिसाला ‘काढणार’ या चौकटीत सही करायला लावली आणि तिला घेऊन शाळेत गेला. या जिन्याची पहिली चढण झालेलीच नाही, असं त्यानं मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

“चल,” तो तिला म्हणाला. “हात लावायचा नाही.”

ती चढली. तो खाली उभा राहून तिच्या चपलांचे आवाज मोजत होता. पंधरा झाले. मग तोही निघाला, आणि दुसऱ्या पायरीवर थांबला. चौतीस वर्षांत शेकडो कठडे काढले होते, कुठल्याही पहिल्या चढणीत एकाला हात लावला नव्हता. आज त्यानं कठडा धरला. लाकूड गुळगुळीत होतं आणि उंची बरोबर होती. सावकाश, एकेक पायरी तळव्यानं चाचपत तो वर गेला. प्रत्येक पायरी सारखी होती, साडेसतरा सेंटिमीटर. वर पोचल्यावर त्यानं तिच्याकडून पेन घेतलं आणि कठड्यावर कागद टेकवून ‘तपासणार’ या चौकटीत सही केली. चौकटीत बसली की नाही ते त्याला दिसलं नाही. तिनं बसली म्हणून सांगितलं.

तेवढ्यात खालून एक मुलगी चढू लागली. आठ-नऊ वर्षांची असेल. हातात पुस्तक उघडं धरलेलं आणि नाक पुस्तकात. मिलिमीटर कठड्याला चिकटून बाजूला झाला. सवयीनं त्याचे ओठ मोजू लागले. बारा, तेरा, चौदा. चौदानंतर त्यानं श्वास रोखला. मुलगी वाचत वाचत पंधरावी चढली, त्याच्याजवळून गेली आणि पान उलटत वाचनालयात शिरली. पायाखाली बघायची तिला एकदाही गरज पडली नव्हती.